विणायची सुट्टी, शिवायची सवड

स्वीडन, नॉर्वे, आइसलँड, फेरो बेटं या थंड मुलखांत खास बायकांसाठी विणकामाच्या सहली निघतात. आठ-दहा जणींचा गट, खेड्यातलं लाकडी घर, पाच-सहा दिवसांचा मुक्काम. सकाळी सुया आणि लोकर, दुपारी मेंढ्या पाळणाऱ्या एखाद्या कुटुंबाकडे चक्कर, संध्याकाळी शेकोटीपाशी पुन्हा सुया. मधेमधे कॉफी आणि दालचिनीचे पाव. या सहलींच्या जाहिराती हा माझ्या मते एक स्वतंत्र गद्यप्रकार आहे. गेले दोन महिने मी तो परीक्षेच्या पुस्तकासारखा वाचते आहे, कारण तसंच काहीतरी मला मराठीत लिहायचं आहे. आमच्या गावासाठी.

गाव कुडपण. तालुका पोलादपूर, जिल्हा रायगड. रायगड म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर अलिबागचा समुद्र आला असेल तर तो पुसून टाका. आमच्याकडे सह्याद्रीची भिंत आहे. तिच्या पलीकडे महाबळेश्वर, अलीकडे भात-नाचणीची उतरती शेतं आणि पावसात कोसळणारे धबधबे. ते धबधबे आणि भीमाची काठी नावाचा सुळका बघायला हल्ली पावसाळ्यात गाड्या येतात, रील काढतात आणि अंधार पडायच्या आत परत जातात. माझ्या दोन मैत्रिणींना वाटलं, पाऊस संपल्यावरही लोकांनी इथे यावं, राहावं. कशासाठी? वाकळ शिवायला. आठ जणी, तीन दिवस, आमची काकू शिकवणार. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणून वेबसाइट माझ्याकडे. साइट एका रविवारात उभी राहिली. मजकूर मात्र अजून होत नाहीये. हा लेख त्या न होणाऱ्या मजकुराबद्दल आहे.

'मिळेल'चं व्याकरण

या जाहिरातींत पहिली गोष्ट जाणवते ती 'तुम्ही'. ही 'तुम्ही' नेहमी एकटी बाई असते आणि नेहमी दमलेली असते. तिला नोकरी आहे, घर आहे, फोन आहे, आणि या तिन्हींपासून तिला पाच दिवस हवे आहेत. क्रियापदं सगळी वर्तमानकाळात. तुम्ही उठता, खिडकीबाहेर धुकं असतं, तुम्ही सुया हातात घेता. या गद्यात कोणी घाईत नसतं. उशीर हा शब्दच नाही.

दुसरी गोष्ट दिसायला जरा वेळ लागतो. 'तुम्ही' सोडून बाकी सगळ्या क्रियांना कर्ताच नाही. जेवण तयार असतं. सॉना तापलेला असतो. लोकर नैसर्गिक रंगांत रंगवलेली असते. कोणी रंगवली, कोणी तापवला, कोणी भाजी चिरली? सर्व्हरच्या नोंदींमध्ये काम झालेलं दिसावं पण कोणत्या यूजरने केलं तो रकाना रिकामा असावा, तसं हे वाचताना होतं. अशा नोंदी ऑफिसमध्ये दिसल्या तर आम्ही लगेच शोध सुरू करतो. इथे तो रिकामा रकाना हीच शैली आहे.

आपल्याकडे ही सोय आणखी जुनी आहे. मुंबई-गोवा हायवेवर दर थोड्या अंतराने एक पाटी दिसते : 'घरगुती जेवण मिळेल'. चार अक्षरी क्रियापदाची गरज नाही, तीन अक्षरांत सगळं घर आत जातं. पहाटे उठून नारळ खवणारी, भाकऱ्या थापणारी, भांडी घासणारी, सगळ्या जणी त्या 'मिळेल'मध्ये बसतात. 'घरगुती' या शब्दात तर किंमत कमी करायची एक छुपी युक्तीही आहे. जे घरगुती, ते मायेने केलेलं. मायेने केलेल्याचे पैसे किती मागणार?

माझ्या मजकुराचा पहिला मसुदा याच भाषेत उतरला होता, आणि मैत्रिणींना तो फार आवडला. 'सह्याद्रीच्या कुशीत', 'मातीशी नातं', 'आजीच्या हातची ऊब' वगैरे. वाचायला गोड होता. त्यात काकू कुठेच नव्हती.

सुखाच्या सुया, भुकेच्या सुया

त्या मुलखातलं विणकाम मुळात सुट्टीचं नव्हतं. हे तिथल्या संग्रहालयांत स्वच्छ लिहिलेलं असतं, जाहिरातींत नसतं.

आइसलँडमध्ये विणकाम सोळाव्या शतकात पोचलं आणि लवकरच मोजे व हातमोजे तिथून बाहेर विकले जाऊ लागले. बायका, पुरुष, पोरं सगळेच विणायचे. अमुक दिवसांत अमुक जोड्या, असा हिशेब घरातल्या लहानांनाही असायचा. लांब हिवाळी रात्री सगळं घर एका खोलीत बसून लोकरीचं काम करायचं आणि एक जण सगळ्यांसाठी मोठ्याने वाचायचा. जुन्या सागा, लांबलचक कथाकाव्यं. या बैठकीला 'क्वोल्डवाका' म्हणजे संध्याकाळची जाग म्हणत. आइसलँडचं साहित्य टिकण्यात या बैठकांचा मोठा वाटा आहे. हात कामात आणि कान मोकळे, म्हणून गोष्ट पुढच्या पिढीपर्यंत गेली.

हे वाचताना आपल्याला जातं आठवणारच. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या याच हिशेबाने झाल्या, फक्त एक फरक आहे. तिथे काम करणारे ऐकत होते आणि ऐकत होते ते दुसऱ्या कोणी तरी रचलेलं. इथे काम करणारीच रचत होती. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने गोळा झालेल्या एक लाखांहून अधिक ओव्या आज 'परी'च्या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतात. गावात पिठाची गिरणी आली, पहाटेचे ते कष्ट गेले आणि ओवी रचायची ती जागाही गेली. बाईची पाठ वाचली याचा आनंद मानायचा की गाणं गेलं याचं दुःख करायचं? ज्यांना दळावं लागलं नाही, त्यांनी याचं उत्तर जरा जपून द्यावं.

स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत. तिथल्या बायका पाठीवर इंधनाच्या मातीच्या टोपल्या वाहताना चालता चालता विणायच्या. व्यापारी त्यांना विणकामाच्या बदल्यात रोख पैसे न देता दुकानातला माल द्यायचे, चहा किंवा कापड. या पद्धतीची सरकारी चौकशी झाली ती १८७२ मध्ये. आज त्याच बेटांचे नमुने जगभरच्या हौशी विणकरांच्या स्वप्नात असतात.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बोहुसलेन प्रांताची गोष्ट. तिथे ग्रॅनाइटच्या खाणी होत्या. १९३०च्या दशकात दगडाची मागणी बसली आणि पाथरवट घरी बसले. त्यांच्या बायकांनी गव्हर्नरच्या पत्नीकडे, एमा याकोबसन यांच्याकडे, काम मागितलं. दान नको, काम हवं. त्यातून १९३९ मध्ये 'बोहुस स्टिकनिंग' ही संस्था उभी राहिली. गळ्याभोवती रंग एकमेकांत विरघळत जाणारे तिचे स्वेटर परदेशांत नावाजले गेले. १९६९ मध्ये संस्था बंद झाली. आज ते स्वेटर उद्देवला इथल्या संग्रहालयात आहेत आणि त्यांच्या नमुन्यांचे लोकरीसकट संच विकत मिळतात.

म्हणजे बघा : जे काम केल्यावर पाथरवटाच्या बायकोला पैसे मिळायचे, तेच काम करायला मिळावं म्हणून आज एक बाई पैसे मोजते. तेच टाके, तेच रंग, पैशाचा बाण मात्र उलटा फिरलेला.

यावर नाक मुरडणं सोपं आहे. 'श्रीमंतांचे चोचले' म्हटलं की लेख संपतो. मला तसं म्हणायचं नाही. दिवसाचे दहा तास मी स्क्रीनवर तिकिटं एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात सरकवते. संध्याकाळी हातात धरता येईल असं काही नसतं. सुईवर मात्र एक ओळ वाढली की वाढलेली दिसते. चुकलं तर उसवता येतं आणि लोकर वाया जात नाही. हे सुख खोटं नाही. आणि बोहुसलेनच्या विणकरणीला नसलेली एक गोष्ट त्या सहलीतल्या बाईकडे आहे : तिच्याकडे हा स्वेटर कोणी मागितलेला नाही. ती थांबू शकते. अर्धवट टाकू शकते. बायकांच्या हातांच्या इतिहासात ही लहान गोष्ट नाही.

प्रश्न एवढाच आहे की हे सुख मांडताना आधीची भूक पुसावी लागते का?

गोधडीच्या खालून

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे विणकामाच्या सहलीची जाहिरात नाही, पण तिच्या तोडीचा एक प्रकार आहे : गोधडीवरचा लेख. तुम्ही तो वाचला आहे. दिवाळी अंकात, रविवारच्या पुरवणीत, नाही तर फॅमिली ग्रुपवर 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स' अशा खुणेसकट. त्याचा सांगाडा ठरलेला असतो. आधी थंडी. मग ट्रंकेतून निघालेली गोधडी. मग एकेक तुकडा : हा आजीच्या नऊवारीचा, हा बाबांच्या धोतराचा, हा ताईच्या परकराचा. प्रत्येक तुकड्याची एक आठवण. शेवटी : आता घरात महागाची ब्लँकेटं आहेत, पण ती ऊब नाही.

या लेखांनी आपल्याला खूप रडवलं आहे, आणि त्यातले काही खरोखर चांगले आहेत. पण त्यांतला लेखक कुठे आहे ते पाहा. तो नेहमी गोधडीच्या खाली असतो. लहान असतो, झोपत असतो, नाकाला तिचा वास येत असतो. शिवणारी बाई गोधडीच्या वर असते. हे मी रूपक म्हणून सांगत नाही. वाकळ शिवताना ती जमिनीवर पसरतात आणि तिच्यावरच बसून टाके घालतात, म्हणजे थर सरकत नाहीत. वरून दिसणारी गोधडी वेगळी असते. तिथे आठवणींच्या आधी पाठ दुखते, अंगठ्याला सुई टोचते, दोरा संपत येतो, कडेला कापड कमी पडतं.

आपल्या साहित्यात वरून लिहिणाऱ्या नाहीत असं नाही. बहिणाबाई चौधरी लिहायला शिकल्या नव्हत्या. शेतात आणि घरात हात चालू असताना त्यांनी गाणी रचली, मुलाने आणि आप्तांनी ती टिपली, आणि त्या गेल्यानंतर १९५२ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. त्यांच्या गाण्यांतलं काम हे आठवणीतलं काम नाही, चालू काम आहे. गोधडीवरच्या लेखांना नेमकं हेच जमलेलं नाही. तिथे आई भूतकाळातच शिवते, आणि तिच्या टाक्यांचं एकच मोजमाप असतं : माया.

माया हे वाईट माप नाही, पण ते फार सोयीचं आहे. ते कधी संपत नाही, त्यामुळे त्याचा हिशेब करावा लागत नाही.

२९ तास

मी हिशेब केला. सवय आहे.

काकूकडची एक वाकळ मी टेपने मोजली. रुंदी चार फूट, लांबी सहा फूट. टाक्यांच्या फेऱ्या कडेने सुरू होऊन चौकोनी वळत आत जातात, दोन फेऱ्यांत अंतर साधारण अर्धा इंच. म्हणजे ४८ गुणिले ७२ भागिले अर्धा : ६,९१२ इंच. सुमारे १७५ मीटर लांबीची एकच रेघ, दोऱ्याची. एका इंचात तीन टाके धरले तर २०,७३६ टाके. पाच-सहा थरांतून सुई आरपार काढायला सरासरी पाच सेकंद धरले, तर जवळजवळ २९ तास. यात जुनी लुगडी धुणं, उसवणं, फाडणं, थर रचणं, दोरा ओवणं आणि मधेच उठून दूध उतू जातंय का बघणं धरलेलं नाही.

आता २९ तास म्हणजे आठ तासांचे साडेतीन दिवस. रोजगार हमीवर महाराष्ट्रात २०२५-२६ साठी दिवसाचा दर ३१२ रुपये होता. त्या दराने नुसत्या टाक्यांचे अकराशे रुपये होतात. रोजगार हमीची कल्पना सगळ्या देशाला आपल्या राज्याने दिली, पण तिच्यात खड्डा खणणं हे काम आहे आणि वाकळ शिवणं हे काम नाही. खड्डा सार्वजनिक असतो, वाकळ घरातली. पुन्हा 'घरगुती' आलं.

मोजमाप केल्यावर वाकळ वाचताही येते. आमच्या घरातल्या सगळ्यात जुन्या वाकळीच्या आतल्या थरात मांजरपाट आहे. आजोबा मुंबईत लालबागला गिरणीत होते. आमच्या बाजूची कितीतरी घरं तशीच चालली : पुरुष गिरणीत, बाई शेतात, आणि वर्षातून एकदा मुंबईहून येणारी पिशवी. त्या पिशवीत गिरणीतले तुकडे यायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, आणि तो कधी संपला हे कोणालाच नीट सांगता येत नाही. त्यानंतरच्या वाकळींत गिरणीचं सुती कापड नाही. आधी जुने शर्ट, मग शाळेचे गणवेश, मग झुळझुळीत पॉलिएस्टर साड्या. गिरणगावावर जे लिहिलं गेलं ते बहुतेक मुंबईच्या बाजूने लिहिलं गेलं. त्याची कुडपणची बाजू आमच्या माळ्यावर घडी घालून ठेवली आहे.

काकूला मी विचारलं की हल्ली वाकळी का कमी शिवतेस, तर ती हातांचं किंवा डोळ्यांचं कारण सांगेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "बाय, हल्लीची साडी ना फाटत, ना घाम पीत. वाकळ कशाची शिवू?" एका वाक्यात कापडउद्योगाचा चाळीस वर्षांचा इतिहास आला.

विणकामच हवं तर लोकर का नाही, असं माझ्या मैत्रिणींनी विचारलं होतं. कुडपणला धनगरवाडी आहे ना? आहे. पण आमच्या डोंगरातले धनगर गवळी धनगर, त्यांची मदार म्हशींवर. या पावसात मेंढी टिकायची नाही. घोंगडी आमच्याकडे घाटावरून यायची. तिकडे मेंढ्या, तिकडेच खड्ड्यातला माग, तिकडेच सूत ताठ करायला चिंचोक्याची खळ. आमच्याकडे ती पावसात डोक्यावरून खोळ करून घ्यायला. तेव्हा फोटोत बरी दिसते म्हणून कुडपणात मेंढी आणून बांधायची नाही, हे मी पहिल्याच मीटिंगमध्ये सांगून टाकलं.

सुट्टी आणि सवड

मराठीत रिकाम्या वेळाला दोन शब्द आहेत आणि ते एक नाहीत. सुट्टी ही दिली जाते. शाळा देते, ऑफिस देतं, कॅलेंडरवर लाल आकड्यात येते. सवड काढावी लागते. दोन कामांच्या फटीत ती सापडते आणि कोणी हाक मारली की जाते. वाकळ आजवर सवडीत शिवली गेली आहे. शिमग्यानंतर, भात कधीच घरात आलेलं, पेरणीला अजून अवकाश, ऊन कडक, पडवी कोरडी. दुपारचं जेवण आटोपल्यावर दोन तास. पावसाच्या पागोळ्या सुरू व्हायच्या आत संपवायची.

बायकांनी सुट्टीवर एकटीने जायचं, हे महाराष्ट्रात सहजासहजी झालेलं नाही. 'केसरी'ची 'माय फेअर लेडी' आणि नंतर 'वीणा वर्ल्ड'ची 'वुमन्स स्पेशल' या सहलींनी कितीतरी मराठी घरांतल्या बायकांना नवरा-मुलांशिवाय विमानात बसवलं. आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमधल्या एक आजी साठाव्या वर्षी अशाच एका सहलीला जाऊन आल्या, आणि पुढचं वर्षभर त्यांच्या चालण्यात फरक होता. या सहलींना हसणाऱ्यांनी त्या चालीकडे बघावं. सरकारनेही २०२३ मध्ये महिलांसाठी पर्यटन धोरण आणलं. पर्यटनाचा धंदा करू पाहणाऱ्या बाईला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा, ही त्यातली महत्त्वाची तरतूद. धोरण चांगलं आहे. नाव मात्र ठेवलं आहे 'आई'. बाईने धंदा केला तरी आपण तिला कोणत्या नावाने हाक मारतो ते त्यात दिसतं. आईकडून कोणी बिल मागत नाही.

इथे माझ्या मजकुराची खरी अडचण सुरू होते. नॉर्वेतल्या सहलीत पाहुणी आणि शिकवणारी यांच्यात पैशाचं अंतर असेल, पण दोघींना सुट्टी म्हणजे काय ते माहीत असतं. शिकवणारीचाही दिवस संपतो. कुडपणात एक बाई सुट्टीवर येणार आणि दुसरीच्या सवडीत बसणार. पहिलीला जो विरंगुळा वाटेल तो दुसरीच्या हातून येणार. दुसरीचा दिवस संपायचाच नाही, कारण पाहुण्या झोपल्यावर भांडी असतात.

कल्पना समजावून सांगितली तेव्हा काकूने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्यांच्या घरी पांघरुणं नाहीत का गं?" आहेत, म्हटलं. "मग कोणासाठी शिवायची?" स्वतःसाठी, म्हटलं. ती थोडा वेळ गप्प बसली. तिच्या आयुष्यात तिने पन्नासेक वाकळी शिवल्या असतील. बाळंतिणीसाठी, लेकीच्या सासरी पाठवायला, मुंबईच्या खोलीवर, आजारी माणसाच्या अंथरुणाला. स्वतःसाठी शिवलेली एकही तिला आठवेना. तिला त्याचं वाईट वाटलं असं मी लिहिणार नाही. तिने ते फक्त मोजून पाहिलं, मी टाके मोजले तसं.

मग तिने अट घातली. "शिकवीन. पण रांधायला दुसरी कोणतरी बघ. दोन्ही मी नाही करायची."

सगळ्या जाहिराती वाचून मला जे उमगलं नव्हतं ते या अटीत होतं. शिकवणं हे काम आहे आणि रांधणं हे वेगळं काम आहे, आणि एकच बाई दोन्ही करते म्हणून ते एक काम होत नाही. 'घरगुती'चा सगळा डोलारा ही दोन कामं एक मानण्यावर उभा आहे.

कर्ता असलेलं वाक्य

तेव्हा आता मजकूर असा होतो आहे. शिकवणाऱ्या बाईचे तास लिहिलेले असतील : सकाळी तीन, दुपारी दोन. त्या वेळेनंतर ती तुमची यजमान नाही. रांधणाऱ्या दोघींचा रोज वेगळा, आणि तुमच्या पैशांतला किती कोणाकडे जातो ते त्याच पानावर. ताट ज्याचं त्याने घासायचं. 'जेवण मिळेल' असं लिहायचं नाही, कोण करणार ते लिहायचं. येताना प्रत्येकीने आपल्या घरातलं एक जुनं सुती कापड आणायचं आणि ते कोणी वापरलेलं आहे हे माहीत करून घेऊन यायचं. तीन दिवसांत कोणाचीही वाकळ पूर्ण होणार नाही, कारण २९ तासांचा हिशेब आम्ही पानावरच मांडला आहे. उरलेली घरी जाऊन सवडीने शिवायची. मग त्या सवडीची किंमत ज्याची त्याला कळेल.

मैत्रीण म्हणाली, असं लिहिलं तर कोणी येणार नाही, सुट्टीत लोकांना हिशेब नको असतो. असेलही. पण हिशेबाने सुख कमी होतं हे मला मान्य नाही. बोहुसलेनचा स्वेटर संग्रहालयात पाहणाऱ्या बाईला पाथरवटांची गोष्ट कळली म्हणून तो कमी सुंदर दिसत नसणार. चांगल्या कवितेत कष्ट आले म्हणून ती कमी गोड होत नाही, हे तर बहिणाबाईंना मानणाऱ्या मराठी वाचकाला सांगायला नको. कमी होते ती फक्त आपली निवांत बेफिकिरी. ती सुट्टीचा भाग आहे असं जाहिराती सांगतात. मला ती सुट्टीची अट वाटत नाही.

एक गोष्ट अजून ठरलेली नाही. आठ जागांपैकी एक जागा मी कुडपणातल्याच एखाद्या बाईसाठी ठेवली आहे. मदतनीस म्हणून नाही, पाहुणी म्हणून. तिने यायचं, बसायचं, चहा आयता घ्यायचा आणि हवं तर शिवायचं, नको तर नाही. तिचे पैसे बाकी सात जणींच्या रकमेत धरले आहेत. साइटवरच्या फॉर्ममध्ये ही जागा वेगळ्या रंगात दिसते. काकूला दाखवली तर ती हसली आणि वाडीतल्या बायकांची नावं बोटांवर मोजत गेली. हिची म्हैस विणार आहे, तिच्या सासूला बघायला कोणी नाही, हिचा पोरगा मुंबईहून यायचा आहे. दहा बोटं संपली. ती जागा अजून रिकामी आहे. फॉर्ममधून ती काढायची नाही असं मी ठरवलं आहे.